दानाची सायकल आणि तिची दुरुस्ती

श्रीमंत देशांत धूळ खात पडलेल्या सायकली गोळा करून त्या आफ्रिका आणि मध्य अमेरिकेकडे जहाजाने पाठवण्याचे स्वयंसेवी काम गेल्या चार दशकांत वाढत गेले असले, तरी त्यामागील प्रेरणा सर्वत्र एकच नव्हती. १९८४ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘बाइक्स नॉट बॉम्ब्स’ या संस्थेने निकाराग्वाला सायकली पाठवल्या, त्या अमेरिकी सरकार तेथील काँट्रा बंडखोरांना देत असलेल्या मदतीचा निषेध म्हणून. १९९१ मध्ये न्यू जर्सीत ‘पेडल्स फॉर प्रोग्रेस’ सुरू करणारे डेव्हिड श्वाइडनबाख यांची भूमिका याहून व्यवहारी होती. ‘पीस कोअर’ या सरकारी स्वयंसेवक योजनेतून इक्वेडोरमध्ये राहत असताना, ज्या सुताराकडे सायकल आहे तो इतरांपेक्षा लांबची कामे घेऊ शकतो, हे त्यांनी पाहिले होते.

या कामाचा दिसणारा भाग म्हणजे कंटेनर भरणे. पेडल काढून सायकललाच बांधायचे (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे नवख्या स्वयंसेवकाला पाना हातात घेतल्यावरच उमगते), हँडल सैल करून चाकाला समांतर वळवायचे, सीट खाली दाबायची आणि सायकली एकमेकींत अडकवून रचायच्या. अशा रीतीने चाळीस फुटी कंटेनरमध्ये चारशेहून अधिक सायकली मावतात. जहाजाचे भाडे मात्र गंजलेल्या सायकललाही तेवढेच पडते. म्हणून या कामातील सर्वांत अवघड आणि बहुधा सर्वांत उपयुक्त कौशल्य म्हणजे नाही म्हणणे होय, कारण दात्याला अडगळ देऊन मिळणारे समाधान नाकारणे कोणालाच आवडत नाही, परंतु न नाकारलेली अडगळ समुद्रापलीकडच्या कोणाला तरी निस्तरावी लागते.

याहून खोल अडचण सुट्या भागांची आहे. पूर्व आफ्रिकेत ‘ब्लॅक मांबा’ या नावाने ओळखली जाणारी काळी, जड, एकाच गतीची सायकल बहुतांशी भारत आणि चीनमधून येते. महाराष्ट्रातील गावोगावी दूध, चारा आणि माणसे वाहणाऱ्या सायकलीचीच ती बहीण, त्यामुळे तिचे टायर, चेन आणि आरे बाजारगावात सहज मिळतात. दानात येणारी सायकल बहुधा गिअरची असते, तिच्या चाकाचे माप वेगळे असते, आणि एक तुटलेला गिअर बदलून मिळाला नाही, तर चांगली सायकल कायमची भिंतीला टेकते. नामिबियात काही ठिकाणी सायकली ज्या कंटेनरमधून आल्या, त्याच कंटेनरमध्ये दुरुस्तीचे दुकान थाटले गेले आणि ते चालवण्याचे प्रशिक्षण स्थानिकांना देण्यात आले. झांबियातील शाळकरी मुलींना सायकली दिल्यावर त्यांची गैरहजेरी २८ टक्क्यांनी घटल्याचे एका प्रयोगात आढळले, हे खरे. मात्र त्या सायकली वापरलेल्या नसून तेथील रस्त्यांसाठीच घडवलेल्या होत्या, आणि दुरुस्तीची सोयही योजनेत धरलेली होती. हा आकडा जुन्या सायकलींच्या खात्यावर जमा करणे प्रामाणिकपणाचे नव्हे.

उरतो किमतीचा प्रश्न. दान विकायचे कसे, असा संकोच दात्यांना वाटतो. पण फुकट मालाचा लोंढा आला की स्थानिक विक्रेत्याचा धंदा बुडतो. अर्थतज्ज्ञ गार्थ फ्रेझर यांनी २००८ मध्ये आफ्रिकेतील जुन्या कपड्यांबाबत केलेल्या अभ्यासात, असे कपडे आल्याने तेथील वस्त्रोत्पादन घटल्याचे दाखवले होते. सायकलींना ही तुलना जशीच्या तशी लागू होत नाही, कारण अनेक आफ्रिकी देशांत सायकलींचे कारखाने फारसे नाहीत आणि शिवाय जुनी सायकल मिस्त्रीला काम पुरवते. तरीही घानासारख्या देशात युरोपातील जुन्या सायकली आणणारे व्यापारी आधीपासूनच आहेत. दानाच्या ज्या कंटेनरात केवळ सायकली असतात, तो त्यांचाच, परंतु भाड्याची तोशीस न सोसणारा प्रतिस्पर्धी ठरतो. हत्यारे, सुटे भाग आणि शिकवण व्यापारी आणत नाहीत, आणि स्वयंसेवी कामाला खरी जागा तेथेच आहे. घानातील ‘व्हिलेज बायसिकल प्रोजेक्ट’ने ती ओळखली असावी: तेथे एक दिवसाचे दुरुस्ती-प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्याला सायकल सवलतीत मिळते, आणि उरलेली किंमत त्याला स्वतःच भरावी लागते.