कागदावरचं मरण

आमच्या रोल-प्लेइंग खेळाच्या गटातल्या एका मैत्रिणीचं पात्र गेलं, त्या रात्रीचं तिचं कॅरेक्टर शीट मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. हिट पॉइंट्सच्या चौकटीत इतक्या वेळा लिहून खोडलं होतं की तिथला कागद विरत आला होता. दीड वर्ष दर रविवारी ती त्या लढवय्या बाईच्या तोंडून बोलत होती. शेवटचा फासा पडला, तिने त्याच चौकटीत शून्य लिहिलं, कागदाची घडी घातली आणि पाणी प्यायला उठून गेली. टेबलाभोवती कुणी काही बोललं नाही. कधी नव्हतीच अशा बाईसाठी पाच मोठी माणसं गप्प बसली होती.

ते दुःख खरं होतं. पण या खेळांत ते सुरुवातीपासून नव्हतं.

टेबलाभोवती बसून खेळायचे रोल-प्लेइंग गेम जन्मले ते लढाईच्या खेळांच्या पोटी. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या १९७१ सालच्या 'चेनमेल'मध्ये मोठ्या लढाईत एक बाहुली म्हणजे वीस सैनिक. ती पडली की पटावरून उचलायची, बस. त्याच सुमारास मिनेसोटात डेव्ह आर्नसनने 'ब्लॅकमूर' मांडला आणि प्रत्येक खेळाडूच्या हाती एकच वीर दिला. आपला गडी एका घावात जातो हे खेळाडूंना सोसेना. तेव्हा आर्नसनने जहाजांच्या लढाईच्या नियमांतली घाव सोसण्याची मोजणी माणसांना लावली. हिट पॉइंट्स आले ते असे. मला सगळ्या गोष्टीचं मूळ इथे दिसतं. विसातला एक पडला तर संख्या घटते. एकच असला की तो आपला होतो.

तरीही १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला तेव्हा मरण स्वस्तच होतं. नवख्या जादूगाराचे हिट पॉइंट्स ठरवायला सहा बाजूंचा एक फासा, आणि त्याच्यावर बसलेला घाव मोजायलाही तसाच एक फासा. हिशोब केला तर पहिल्याच घावाला तो निम्म्याहून जास्त वेळा मरतो. पण त्याला जन्माला घालायलाही फार वेळ लागत नसे. तीन फासे सहा वेळा टाकायचे, नाव द्यायचं आणि पुन्हा भुयारात उतरायचं. गायगॅक्सने १९७५ च्या स्पर्धेसाठी रचलेल्या 'टूम ऑफ हॉरर्स'मध्ये भिंतीवरच्या राक्षसाच्या उघड्या तोंडात जो शिरेल तो कायमचा नाहीसा. तिथे परीक्षा खेळाडूच्या डोक्याची होती, पात्राचं दुःख कुणी करत नव्हतं. मार्क मिलरच्या 'ट्रॅव्हलर'ने (१९७७) तर कमाल केली: पात्राचं पूर्वायुष्य रचत असतानाच फासा वाईट पडला तर ते खेळ सुरू होण्याआधीच मरे.

आपल्या कबड्डीचे जुने तीन प्रकार इथे हटकून आठवतात. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसतो, संजीवनीत पलीकडचा कुणी बाद झाला की तो पुन्हा उठतो आणि अमरमध्ये बाहेर जातच नाही. या खेळांत गामिनी आणि संजीवनी सुरुवातीपासून शेजारी नांदल्या, कारण मेलेल्याला उठवणारा मंत्र १९७४ च्या नियमांतच होता. अमर मात्र उशिरा आला, आणि तो कथेबरोबर आला.

ते वर्ष १९८४. ट्रेसी हिकमन आणि मार्गारेट वाइस यांच्या 'ड्रॅगनलान्स' या साहसमालिकेत कथा आधीच ठरलेली होती, तिचे नायक कादंबरीतही जगायचे होते. म्हणून खेळवणाऱ्याला सूचना होती, की मुख्य पात्र मेलंच तर असं मरू द्या की प्रेत सापडणार नाही. पुढे परत आणता येईल. त्याच वर्षी जॅक चिक या धर्मप्रचारकाची 'डार्क डन्जन्स' ही चित्रपुस्तिका निघाली. तिच्यात पात्र मेल्यावर खेळातून हाकललेली मुलगी आपला जीव देते. खेळापायी मुलं जीव देतात हा प्रचार निखालस अन्यायाचा होता. त्याने आणखी एक नुकसान केलं असं मला वाटतं. भेदरलेल्या खेळाडूंना 'हा नुसता खेळ आहे' असं इतक्या वेळा सांगावं लागलं, की पात्राच्या जाण्याने आपल्याला लागतं हे मोकळेपणाने म्हणायची जागाच उरली नाही.

इकडे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे नियमही हळूहळू मऊ होत चालले होते. १९७९ मध्ये गायगॅक्सने शून्यावर बेशुद्धी आणि उणे दहावर मृत्यू अशी सवलत दिली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत मृत्यूशी झगडणारे फासे आले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत शून्यावर पडलेल्या पात्राचा खेळाडू दर फेरीला वीस बाजूंचा फासा टाकतो. दहा किंवा वर पडलं तर यश, खाली तर अपयश, आणि दोन्हींतलं जे आधी तीनदा होईल ते खरं. अनेकांना हा लाडावलेपणा वाटतो. मला तसं वाटत नाही. आता पात्र घडवायला अख्खी संध्याकाळ जाते, त्याला आई असते, कर्ज असतं, सोडून आलेलं गाव असतं. मरण महाग झालं, कारण जन्म महाग झाला.

आणि नेमक्या याच काळात स्टीफन ड्यूईचा 'टेन कँडल्स' (२०१५) आला. अंधाऱ्या खोलीत दहा मेणबत्त्या. शेवटी सगळी पात्रं मरणार, हे खेळाडूंना पहिल्या मिनिटापासून ठाऊक असतं. सुरुवातीलाच प्रत्येकजण पात्राच्या आवाजात एक निरोप रेकॉर्ड करून ठेवतो. एकेक मेणबत्ती विझत जाते. दहावी विझली की काळोखात ते निरोप ऐकवले जातात, तासा-दोन तासांपूर्वीचे, अजून आशा असलेले आवाज. १९७४ पेक्षाही अटळ मरण, पण इथे ते खेळाडूंनी आधी समजून-उमजून मान्य केलेलं असतं.

माझ्या मते या पन्नास वर्षांत बदललं ते हेच. फाशाने ठरवायचं मरण आधी खेळवणाऱ्याच्या हाती गेलं, आणि मग सगळ्यांनी मिळून करायच्या कराराचा भाग झालं. फाशाची भीती काढून टाका असं मी म्हणणार नाही; आमच्या मैत्रिणीनेही पुढच्या रविवारी फासा परत फिरवायला नकार दिला. पण आम्ही तिला आधी कधी विचारलंच नव्हतं. तुम्ही नवा खेळ मांडाल तेव्हा शीट भरायला घेण्यापूर्वी टेबलावरच्या प्रत्येकाला विचारा, की आपल्या या गोष्टीत माणसं मरणार आहेत का, आणि उत्तर ऐकून मगच फासे बाहेर काढा.