पोटावरचा हात

सापगावच्या पुलाजवळ, भातसेच्या काठी सावली बघून बसा. न्याहारी झालेली असू द्या. उजवा तळहात पोटावर, अगदी खाली उजवीकडे ठेवा. मोठं आतडं इथून सुरू होतं. हात सावकाश बरगडीपर्यंत वर न्या, तिथून आडवा डावीकडे, मग खाली डाव्या कुशीत. जेमतेम दीड मीटरची ही वाट. पुन्हा फिरवा. बोटांखाली गुडगुड लागली तर लागू द्या, खाल्ल्यावर आतडं हलतंच.

हात डाव्या कुशीत थांबवा. एनिमाचं पाणी साधारण इथवरच पोचतं. खुंटीला टांगलेला डबा, रबरी नळी, अर्धा-एक लिटर कोमट पाणी. जमेल तेवढं धरायचं नि मोकळं व्हायचं. अडकलेला खडा सुटतो, काम संपतं. गांधीजींचा एनिमावर भरवसा होता. 1946 साली त्यांनी सुरू केलेल्या उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात तो आजही देतात. आयुर्वेदातली बस्ती जाते याच वाटेने, पण काढा नाहीतर तेल घेऊन. वैद्य ती वातासाठी देतात, म्हणून तिचा ऋतू पावसाळा.

आता हात उलट्या वाटेने उजव्या टोकाला न्या. कोलन हायड्रोथेरपीचं यंत्र इथवर धुतो म्हणतं. पाऊण तास पाणी आत-बाहेर, कधी साठ लिटरपर्यंत. हात तिथेच राहू द्या आणि स्वतःला विचारा, धुवायचं काय आहे? वर्षानुवर्षांचा चिकटलेला थर जाहिरातीत असतो. दुर्बीण घालून बघणाऱ्या डॉक्टरांना तो सापडत नाही. आतलं अस्तर चार-पाच दिवसांत आपसूक नवं होतं. आतडं म्हणजे काही मोरी नव्हे. उलट इतक्या पाण्याने क्षारांचा तोल जाऊ शकतो, क्वचित आतड्याला भोकही पडतं. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या एका दवाखान्यात 1978 ते 1980 या काळात अशाच यंत्रातून अमीबाचा संसर्ग पसरला आणि सहा जण दगावले.

श्वास सोडा, हातही सोडा. कुंथावं लागत असेल तर नाचणीची भाकरी, पालेभाजी, पाणी, चालणं. आणि डॉक्टर म्हणाले तर एनिमा. किडनीचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर यंत्राच्या वाटेला जाऊच नका. शौचातून रक्त गेलं, किंवा रोजची सवय एकाएकी बदलली, तर शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. तपासणीआधी कुणी एनिमा द्यायला आलं तर दचकू नका, तो कामाचा असतो.