देणगी की किंमत?

शेतीच्या हिरव्या पट्ट्यातील जमीन घरबांधणीच्या पिवळ्या पट्ट्यात घालावयाची आहे. गावाने हरकत घेऊ नये, म्हणजे आम्ही गावास सभामंडप व बाग बांधून देऊ, असे एखादा विकासक म्हणाल्यास ती देणगी समजावी काय? बारामती व इंदापूर तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याखाली भिजणाऱ्या जमिनीवर पुष्कळांचे पोट आहे. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

देणगी मोबदला मागत नाही. येथे मोबदला ठरलेला आहे. तेव्हा हा सौदा होय. सौदा करणे पाप नव्हे, परंतु तो सौदा म्हणूनच तोलावा.

मुंबईच्या गिरण्यांचे पाहा. १९९१ च्या नियमांप्रमाणे गिरणीच्या जागी नवे बांधकाम करणाऱ्याने सुमारे तिसरा हिस्सा मोकळ्या जागेस व जवळजवळ तितकाच सार्वजनिक घरांस द्यावयाचा होता. २००१ मध्ये ही वाटणी आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. गिरण्या गेल्या त्या गेल्याच. शहराचा वाटा मात्र आटला.

म्हणून वाचकहो, आधी हे विचारा: मंडप मिळणार नसता, तरी हा बदल आम्हांस योग्य वाटला असता काय? नसता, तर मंडपाने तो योग्य होत नाही. मग हेही विचारा: बाग सर्वांची, पण मजुरी कोणाची बुडणार? त्या भूमिहीनास कोणी विचारले काय?

१९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे अशा बदलावर लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. बोलण्याचा हा आपला हक्क आहे, आणि मंडपाच्या मोलाने विकत मागितले जाते ते आपले मौनच होय.