निमित्तमात्र?

परमुलखात नोकरी करणाऱ्या आम्हां अंमलदार मंडळींच्या तोंडी एक शब्द रुळलेला असतो : ‘निमित्तमात्र’. हुकूम वरून यावयाचा, आम्ही तो खाली पोचवावयाचा. बऱ्यावाइटाचे धनी निराळेच. गाव आमचे नव्हे, माणसे आमची नव्हेत, आणि आज ना उद्या बदली ठरलेली. असे म्हटले म्हणजे मनावरील ओझे हलके होते. परंतु हे म्हणणे खरे आहे काय?

वरवर पाहता पदार्थविज्ञान आमच्याच बाजूने साक्ष देते. तळ्यात खडा टाकला की तरंग काठाशी येतो, पाणी मात्र येत नाही. पाण्यावर पडलेले पान जागच्या जागी हेलकावे खाते आणि तरंग पुढे निघून जातो. प्रवास घडतो तो ऊर्जेचा. माध्यमाचा कण आपल्या जागेभोवती आंदोलन घेतो, शेजारच्या कणाला हलवतो आणि पुन्हा स्वस्थ होतो. कचेरीतील आमची भूमिका याहून वेगळी ती कोणती?

पण एवढ्यावर थांबलो तर साक्ष अर्धीच ऐकली असे होईल. तरंगाची कंपनसंख्या त्याचा उगम ठरवतो हे खरे. वेग मात्र माध्यम ठरवते. एकच नाद हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तर पाण्यातून त्याच्या चौपटीहून अधिक वेगाने. तारेचा ताण चौपट केला तर तिच्यावरील तरंगाचा वेग दुप्पट होतो. छेडणारे बोट कितीही अधीर असले तरी त्याला त्याहून लवकर धाडू शकत नाही. वाटेत तरंग किती क्षीण व्हावा, हेही पुष्कळसे माध्यमाच्याच हाती असते.

या विषयाचे एक थोर अभ्यासक एके काळी आमच्यासारखेच सरकारी नोकर होते. चंद्रशेखर व्यंकट रामन १९०७ साली अर्थखात्यात शिरले. कलकत्ता, रंगून, नागपूर अशा बदल्याही त्यांनी भोगल्या. कलकत्त्यास कचेरीपूर्वी आणि कचेरीनंतर ते प्रयोगशाळेत बसून तारांची कंपने तपाशीत. १९१७ साली नोकरी सोडून ते प्राध्यापक झाले, आणि १९२१ साली त्यांनी तंबोरा व वीणा यांविषयी एक नवल नोंदवले. तार ज्या बिंदूवर छेडावी, तो बिंदू ज्या उपस्वरांत स्थिर असतो ते उपस्वर उमटू नयेत, असा जुना नियम. तंबोऱ्यावर ते स्पष्ट उमटतात! याचे कारण घोडीच्या पसरट, किंचित गोलाई दिलेल्या माथ्यात आणि तारेखाली सरकवलेल्या धाग्यात आहे. धागा स्वतः नाद काढीत नाही. पण तारेतून काय ऐकू यावे, हे ठरवण्यात त्याचा वाटा असतो.

काही वर्षांपूर्वी एका विधवा बाईंचा निवृत्तिवेतनाचा कागद आमच्या टेबलावर पाच आठवडे पडून होता. नियमाला धरूनच पडून होता. एका शेऱ्याचे उत्तर यावयाचे होते. शेजारच्या खोलीत जाऊन दोन शब्द बोललो असतो, तर ते त्याच दिवशी मिळाले असते. मंजुरी पोचली तेव्हा बाईंनी मुलाला शाळेतून काढून एका दुकानात कामाला लावले होते. मंजुरी देणारे आम्ही नव्हतो, हे खरे. ते पाच आठवडे मात्र सर्वस्वी आमचे होते.

दृष्टान्ताला मर्यादा आहे, ती आम्ही जाणतो. पाण्याच्या कणाला किंवा तारेला आपला ताण निवडता येत नाही. माणसाला तो काही अंशी निवडता येतो. म्हणूनच कण निर्दोष असतो आणि आम्ही नसतो. उगम आमच्या हाती नाही, शेवटही नाही. पण आमच्यातून जाताना हुकूम कसा जातो, किती वेळाने जातो आणि त्यातील माणुसकी किती उरते, याचे उत्तर आम्हांलाच द्यावे लागेल.

तंबोऱ्यातील धाग्याला कोणी गवई म्हणत नाही. तरीही तो नीट जागी बसल्यावाचून गवयाचे समाधान होत नाही.