बेथलेहेममधील इतर घरे

नाताळच्या उपासनेत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचताना, पूर्वेकडून आलेले मागी लोक आपली दाने अर्पण करून परत फिरतात तेथे आमच्या मंडळीत बहुधा वाचन थांबते; आणि त्यापुढचा भाग, ज्यात हेरोद राजा बेथलेहेमच्या शिवारातील दोन वर्षांच्या आतील सर्व मुलगे मारवितो, तो त्या दिवसापुरता न वाचलेलाच राहतो. यंदा देवाच्या प्रीतीविषयी चार शब्द बोलण्याचे काम पाळकांनी माझ्याकडे सोपविले आहे. आणि ज्या घरातले लहान मूल पावसाळ्यात तापाने गेले ते घरही उपासनेस येणार आहे हे ठाऊक असल्यामुळे, कोठवर वाचावे याचा निर्णय मला करवेना. म्हणून मी भाऊसाहेबांकडे गेलो. १९७२ च्या दुष्काळात महसूल खात्यात उमेदवारी करून पुढे अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ मंडळीतच जन्मले व वाढले, पण फार वर्षांपूर्वी त्यांनी उपासनेस येणे सोडले. तथापि पवित्र शास्त्र त्यांच्याइतके बारकाईने वाचणारा माणूस नगर जिल्ह्यात मला दुसरा माहीत नाही.

"योसेफाला स्वप्न पडले," ते म्हणाले. "देवदूताने वेळीच सावध केले आणि तो रातोरात मायलेकरांना घेऊन मिसर देशाकडे निघाला. शेजारच्या घराला स्वप्न पडले नाही, त्याच्या पलीकडच्या घरालाही नाही. ज्याच्यापाशी एक निरोप धाडण्याचे सामर्थ्य होते त्याने दुसरा का धाडला नाही, एवढेच मला सांगा, मास्तर."

मी म्हणालो की हे पातक हेरोदाचे. देवाने मनुष्याला स्वातंत्र्य दिले आणि राजाने त्याचा असा विनियोग केला.

"हेरोदाचा गुन्हा मी हेरोदाच्याच नावे मांडतो. पण ज्याला आगाऊ वर्दी होती आणि ज्याने ती एकाच घरी पोहोचविली, त्याचा जबाब घेतल्याशिवाय पंचनामा पुरा होत नाही."

"ते मूल तरी कोठे वाचले, भाऊसाहेब? जे मरण बेथलेहेममध्ये टळले ते त्याला यरुशलेमेबाहेर वधस्तंभावर भोगावे लागलेच. देवाने स्वतःच्या पुत्राला सवलत दिली नाही."

"मुदत वाढवून दिली. त्याचे बोलणे, चालणे, मित्र जोडणे, भाकर मोडणे, सारे त्याच्या आईने पाहिले. बाकीच्या आयांना काय पाहायला मिळाले?"

यावर मी पुष्कळ बोललो. देव दुःखाचा दुरून निवाडा करणारा नसून त्या दुःखात उतरणारा आहे, गव्हाणीत जन्मणे याचा अर्थच तो आहे, असे मी निरनिराळ्या प्रकारे मांडून पाहिले. भाऊसाहेबांनी एकदाही मध्ये तोडले नाही. शेवटी म्हणाले, "विहिरीत पडलेल्या माणसाजवळ कोणी उडी टाकली तर त्याला बरे वाटेल, हे मी नाकारीत नाही. पण तो दोर मागत असतो."

मग त्यांनी स्वतःच पुस्तक उघडले. मत्तय त्या हत्येनंतर राहेलच्या आक्रोशाचे यिर्मयाचे वचन घेतो, हे मला ठाऊक होते. पण यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात त्याच वचनाला लागून, डोळे पूस, तुझी मुले शत्रूच्या मुलखातून परत येतील, तुझ्या भविष्याला आशा आहे, अशा आशयाचे आश्वासन येते, आणि मत्तय नेमका त्याच्या अलीकडे थांबतो, याकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. "यिर्मयाच्या काळची माणसे बंदिवासात गेली होती, ती परत येण्याजोगी होती," भाऊसाहेब म्हणाले. "ही मुले येणार नव्हती. मत्तयाला पुढचे शब्द मुखोद्गत असले पाहिजेत. त्याने ते लिहिले नाहीत. त्या एका गोष्टीसाठी मी त्याला मान देतो."

मलाही ते मौन थोर वाटले, परंतु निराळ्या कारणाने. ज्याला आपल्या ग्रंथाच्या अखेरीस रिकामी कबर सांगावयाची आहे, त्याने दुसऱ्याच अध्यायात एका आईला सांत्वन नाकारू द्यावे आणि तिला गप्प करू नये, याला मी अविश्वास म्हणत नाही. ज्याची आशा आक्रोशाला भीत नाही त्यालाच हे जमते.

भाऊसाहेब यावर काही बोलले नाहीत. ते एकदम दुष्काळाकडे वळले. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणाऱ्या बायांचा धुळीने माखलेला अंगठा मस्टरवर नीट उठत नसे, म्हणून त्या आधी तो पदराला घासून पुसत आणि मग शाईला लावीत, हे त्यांनी आपला अंगठा धोतराच्या सोग्याला घासून दाखविले. "ती माणसे मजुरीने आणि सुकडीने जगली. स्वप्न कोणालाच पडले नव्हते; काम काढले होते."

"आणि उपाशी माणसाला मरू द्यायचे नाही, हे ज्या प्रीतीने ठरविले ती कोठून आली?"

"माणसाकडून. तुम्ही तिला देवाची म्हणा, माझी हरकत नाही. पण मग जेथे काम निघालेच नाही तेथली गैरहजेरीही त्याच्याच नावे लिहावी लागेल."

तेव्हा मी पंडिता रमाबाईंचे नाव काढले. दक्षिणेतील दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण थोड्या थोड्या महिन्यांच्या अंतराने गेली; पुढे १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला; आणि १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा स्वतः तेथे जाऊन त्यांनी निराधार मुलींना आणले आणि केडगावला आश्रय दिला. "रमाबाईंच्या आईला न्यायला कोणी आले नव्हते," भाऊसाहेब म्हणण्याच्या आत मीच म्हणालो. "त्या इतर घरांतल्याच आहेत. ज्या घराला निरोप आला नाही त्या घरातून निघालेल्या बाईने देवाच्या प्रीतीवर भार टाकला, आणि त्या बळावर दुसऱ्यांच्या मुलींपर्यंत पोहोचली. मला याहून मोठा पुरावा देता येत नाही."

ते बराच वेळ थांबले. "हे खरे आहे. पण असे बोलण्याचा अधिकार रमाबाईंचा आहे. तुमचा नाही, माझाही नाही. जिचे मूल तापाने गेले त्या आईसमोर तुम्ही रमाबाईंना उभे केलेत, तर तिला वाटेल की आपलेच दुःख कमी पडले."

"मग काय करू? मागी लोकांपाशी थांबू?"

"नको. त्या भागातली तिची जागा तुम्ही मिटवून टाकाल. तिचे रडणे शास्त्रात लिहिले आहे एवढे तरी तिच्या कानी पडू द्या. मात्र यिर्मयाचे पुढचे आश्वासन तुमच्या तोंडून नको."

हे दुसरे मला मान्य नाही, आणि मी तसे सांगितले. मत्तयाने ते तेथे लिहिले नाही, पण तो तेथे थांबलाही नाही. त्याने आणखी सव्वीस अध्याय लिहिले. ती मुले देवाने हरवली नाहीत असे मी मानतो, आणि मानीत असून ते त्या घरापासून राखून ठेवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

"मानता. जाणत नाही."

"मानतो."

"मग मानतो असेच म्हणा, आणि ते तिला पटवायला जाऊ नका."

इतके मी कबूल केले. अठराव्या वचनापर्यंत वाचावयाचे ठरले आहे. एकाच घराला निरोप का, या त्यांच्या पहिल्या प्रश्नाला मात्र माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि निघताना त्यांनी तो पुन्हा विचारला.