दडपण ठाऊक असलेली प्रशिक्षक

चि. मुक्तास,

बाबाकडून कळलं, की जिंकत आलेला सामना तू घालवलास आणि 'हिला दडपण झेपत नाही' असं कुणीसं बोलल्यापासून रॅकेट कपाटात आहे. अगं, हेच बोल फ्रेंच टेनिसपटू अमेली मोरेस्मोने वर्षानुवर्षं ऐकले.

जेमतेम चार वर्षांची असताना, १९८३ साली, यानिक नोआला फ्रेंच ओपन जिंकताना टीव्हीवर पाहून तिला टेनिसचं वेड लागलं. १९९९च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकन नसताना तिने लिंडसे डेव्हनपोर्टला हरवून अंतिम फेरी गाठली. त्याच सुमारास, एकोणीस वर्षांच्या वयात, आपलं एका स्त्रीवर प्रेम आहे हे तिने उघडपणे सांगितलं. मग तिच्या खांद्यांवरून, ताकदीवरून लोक नको ते बोलले. ती खेळत राहिली.

२००४च्या सप्टेंबरमध्ये ती जगात पहिल्या क्रमांकावर पोचली, पण एकेरीचं एकही ग्रँड स्लॅम नव्हतं. पॅरिसला फ्रेंच ओपनमध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर तर ती कधी उपांत्यपूर्व फेरीपुढे गेलीच नाही. २००६ला मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचं विजेतेपद मिळालं, तेही जस्टिन एनाने अंतिम सामना अर्ध्यावर सोडल्यामुळे. त्यामुळे शंका उरलीच. त्याच वर्षी विम्बल्डनला समोर पुन्हा एना. पहिला सेट २-६ गेला. अशा वेळी माणूस बेसलाइनवर मागे राहून चेंडू नुसता परतवू लागतो. अमेली सर्व्हिस करून नेटकडे धावतच राहिली. ६-३, ६-४.

पण मला तिचं पुढचं आयुष्य जास्त मोलाचं वाटतं. २०१३ला मारियन बार्तोली विम्बल्डन जिंकली, तेव्हा अमेली तिच्या सोबत होती. पुढच्या वर्षी अँडी मरेने तिला प्रशिक्षक नेमलं. तो हरला की लोक तिच्याकडे बोट दाखवत, आणि मरे जाहीरपणे तिची बाजू घेई. क्ले कोर्टवर तोवर एकही स्पर्धा न जिंकलेल्या मरेने २०१५ला म्युनिक जिंकली आणि लगेच माद्रिदला अंतिम फेरीत नदालला हरवलं. लुका पुई ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत त्याआधी एकही सामना जिंकला नव्हता. २०१९ला तिच्या हाताखाली तो उपांत्य फेरीत गेला.

हात नेमका कुठल्या गुणाला जड होतो, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. तिची खरी विद्या हीच होती, असं माझं ठाम मत आहे.

तुझ्या त्या सामन्यात आघाडी असताना तू मागे राहून खेळायला लागलीस का, ते आठवून मला कळव. आणि विम्बल्डनच्या त्या अंतिम सामन्याचे शेवटचे दोन सेट बघ, फक्त तिच्या पायांकडे लक्ष देऊन.

तुझी,
आत्या