दोन नकला

सुताराच्या घरात कागद कशाला असतील, असे मला इतकी वर्षे वाटत असे. कागद असावेत ते पाटलाच्या वाड्यात, कुळकर्ण्याच्या दप्तरात, फार तर सावकाराच्या पेटीत. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करीत, तीही बहुतेक अशाच घरांतली. ज्याच्या हातात वाकस आणि किंकरे, त्याचे लिहिणे लाकडावर. आणि चाक झिजले, तिफण मोडली, की ते लिहिणेही चुलीत जाते.

हा समज आमच्या राजुरातच खोटा ठरला. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि गावोगावच्या लोखंडी पेट्या उघडल्या. आमचा मुलूख १९४८ सालापर्यंत निजामाच्या अमलाखाली; त्यामुळे त्या पेट्यांतून निघाले ते निम्मे मोडी आणि निम्मे उर्दू. मी मोडी हौसेने शिकलो होतो. ती हौस एकाएकी उपयोगाची झाली आणि माझ्या ओसरीवर माणसे बसू लागली.

त्यांत माझ्या एका विद्यार्थ्याचा बाप आला. जातीने आणि धंद्याने सुतार; त्याला नोंदीचे काही कारण नव्हते. “सगळ्यांनी पेट्या उघडल्या गुरुजी, म्हणून आम्हीबी उघडली,” एवढेच तो म्हणाला. त्याचा पणजा वऱ्हाडातून हत्यारांची पिशवी घेऊन इकडे आला होता. तांबड्या फडक्यात बांधलेले ते बोचके मी सोडले.

त्या घरची एक कथा सगळ्या गावाला ठाऊक आहे. ओढ्याकाठचे त्यांचे शेत शेजारच्या शेतकऱ्याने आज्याचा अंगठा फसवून घेऊन गिळले. दोन्ही घरांत तेव्हापासून बोलणे नाही. लग्नाची अक्षत नाही, मयताला खांदा नाही. सुताराचा ऐंशी वर्षांचा बाप अजून त्या बांधावरून जाताना थुंकतो.

बोचक्यात त्या शेताचे खरेदीखत निघाले. फसली १३५४, म्हणजे इसवी १९४४-४५. रक्कम हाली सिक्क्याची, व्यवहार ‘राजीखुषीने’. मी वाचून दाखविले, पण मला त्या शब्दाचा भरवसा वाटेना. ज्याच्या मानेवर सुरी होती त्याच्याही खतात लिहिणारा ‘राजीखुषीने’च लिहीत असे. कचेरीसाठी लिहिलेला कागद हा अंगात कोट घालून आलेला माणूस आहे. त्याच्या कोटावरून त्याचे घर ओळखू नये.

पण खताखाली एक टाचण होते. आज्याच्या हातचे, वेडेवाकडे. त्याला थोडी अक्षरओळख होती, हेच घरात कुणाला ठाऊक नव्हते. कुणाच्या गाडीचे आरे बसविले, कुणाचे जू केले, कुणाचे बलुते यायचे राहिले, असा तो हिशेब. आणि त्यात त्याच शेजाऱ्याच्या नावापुढे टिपलेले: लेकीच्या लग्नाला शेत दिले; बोलला त्याहून जास्त पैसे त्याने मोजले; वर दाणे दिले, ते परत मागितले नाहीत. शेवटी दोनच शब्द होते: फिटणे नाही.

ही टिपणी कुणाला दाखवायची नव्हती. तिला साक्षीदार नाही, मोहोर नाही. खोटे लिहून तिच्यातून काही मिळणारही नव्हते. जो कागद आपल्याच धन्याच्या विरुद्ध बोलतो, त्याच्याइतका खरा कागद मला दुसरा ठाऊक नाही.

या वेळी मला एका दूरच्या सुताराचे घराणे आठवले. हाइनरिश स्टाइनवेग हा जर्मनीतला कारागीर. लाकूड घडविता घडविता पियानो करू लागला आणि १८५० साली बायकापोरांसह न्यूयॉर्कला गेला. तिथे १८५३ साली त्याने ‘स्टाइनवे अँड सन्स’ हा कारखाना काढला. त्याचा मुलगा विल्यम १८६१ पासून १८९६ साली मरेपर्यंत रोजनिशी लिहीत राहिला. तीत पियानोंची विक्री आहे, संप आहेत, आणि पहिल्या बायकोने केलेली प्रतारणा व १८७६ सालचा काडीमोडही आहे. विल्यमच्या नातवाने ती सारी रोजनिशी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला देऊन टाकली. आज ती कुणीही वाचावी.

त्या नातवाचे धैर्य मला मोठे वाटते; पण मनात एक काटाही राहतो. त्या बाईची रोजनिशी नाही. तिची बाजू कुणी वाचायची? घरचे कागद म्हणजे केवळ आपली अब्रू नव्हे. त्यांत दुसऱ्याची अब्रूही गुंडाळलेली असते. आपली उघडी करायचा हक्क आपल्याला असेल, दुसऱ्याची उघडी करायचा आहे का? आणि प्रसंग उलटा असेल, दुसऱ्याची अब्रू आपल्या पेटीत कोंडून पडली असेल, तर पेटी बंद ठेवायचा तरी हक्क आहे का?

सुतार बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “गुरुजी, हे आमच्या बाबांना सांगू नका. त्या रागावर म्हातारा जगलाय.”

मला त्याचे म्हणणे कळले. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या हातातली काठी ओढून घ्यावी, तसे ते होते. पण ओढ्यापलीकडेही एक म्हातारा आहे, आणि तो आपल्या बापावरचा कलंक डोक्यावर घेऊन म्हातारा झाला आहे. दया दाखवायची तर ती एकाच ओसरीवर का थांबावी? मी एवढेच म्हणालो, “कागद तुमचे आहेत. पण त्यातली ही एक ओळ तुमची नाही. ती तुमच्याकडे ठेव म्हणून आहे.”

तो काही न बोलता बोचके बांधून गेला. मी कुणाला बोललो नाही. आपण केले ते शहाणपण की भित्रेपणा, असा प्रश्न वर्गात शिकवताना मध्येच मनात येई.

पुढे अंगारकीच्या गर्दीत, राजुरेश्वराच्या पायऱ्यांखाली, तो मला भेटला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाला, “गुरुजी, त्या टाचणातलं ते पान बाळबोधीत उतरवून द्या. तुमच्या अक्षरात. दोन नकला करा.”

दोन कशाला, हे मी विचारले नाही. त्याच रात्री उतरवून दिल्या.